सेतुराव आणि अकरा किलो रेशीम

ज्या गोदामाचा हिशेब तपासायचा, त्याची पायरी ऑडिटर सेतुराव कधी चढले नाहीत. तांदळाची गिरणी असो की नाचियार्कोविलचा समयांचा कारखाना, ते बाहेर खुर्ची मागवत आणि मालाकडे पाठ करून वही उघडत. "मालाला धूळ असते," म्हणत. "कणक्क स्वच्छ असतें." कणक्क म्हणजे हिशेब. आमच्या कुंभकोणमच्या घरगुती मराठीत असे तमिळ शब्द मुरलेले आहेत.

ते माझ्या वडिलांचे स्नेही. घरी मी त्यांना मामा म्हणे, ऑफिसात सार. सी.ए. झाल्यावर नऊ वर्षं त्यांच्याकडे काढली आणि त्यातली शेवटची दोन मी त्यांचा मनापासून राग केला. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे काही गोड निघेल अशी आशा नको. त्यांनी कधी लाच घेतली नाही, बेरीज चुकवली नाही, कुणावर आवाज चढवला नाही. अशा माणसाचा राग करायला कष्ट पडतात, पण मला जमलं.

साठी उलटल्यावर ते चेन्नईला गेले आणि फसवणूक शोधण्याचं पाच दिवसांचं शिबिर करून आले. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. पाटीवर नावाखाली 'फॉरेन्सिक अकाउंटंट' असं रंगवून घेतलं. मी विचारलं, "सार, पांच दिवसांत चोर ओळखाया येतो?"

"विमले, चाळीस वर्षें बेरजा तपासतों मी. चोर म्हणजे चुकलेली बेरीजच न्हवे?"

दारासुरमच्या एका रेशीम व्यापाऱ्याने ती पाटी वाचली. त्याच्या गोदामात कच्च्या रेशमाची गाठोडी असत आणि ती सौंदरमच्या ताब्यात. वीस वर्षं विणकरांना सूत तोलून देणारी बाई. गोदामाची किल्ली कमरेला. ऐप्पसी महिन्याच्या पावसात माल मोजला होता, पुन्हा चित्तिरै महिन्याच्या उन्हात मोजला. आवक-जावक वजा जाता अकरा किलो कमी भरला. मालकाने सेतुरावांना बोलावलं. ते गेले, बाहेर खुर्चीवर बसले, आणि मला आत पाठवलं.

शिबिरात शिकवलेलं सगळं त्यांनी वापरलं. गरज, संधी, सबब. त्याआधी तै महिन्यात सौंदरमच्या मुलीचं लग्न झालं होतं, ही गरज. किल्ली तिच्याकडे, ही संधी. सबब ती देईलच, म्हणाले. तिने दिलीही. मालकासमोर हात जोडून ती तमिळमध्ये म्हणाली, "सार, पट्टु पावसात पाणी पितं. उन्हात सोडतं. कुठल्याही विणकराला विचारा." पट्टु म्हणजे रेशीम.

सेतुरावांनी तिच्याकडे न बघता मला मराठीत सांगितलं, "लिही. आरोपी पावसावर ढकलते."

मी लिहिलं. ते थोडं नरमतील म्हणून बाहेर आल्यावर म्हटलं, "मामा, खोटें बोलते असें वाटत नाहीं." ऑफिसच्या कामात मामा म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मनुष्याचें तोंड पाहूं नको," ते म्हणाले. "कागदाचें तोंड पाहा. मनुष्य रडून दाखवतो. कागद रडत नाहीं." सतरा पानांचा अहवाल गेला. त्यावर त्यांची सही, खाली माझी. सौंदरमची किल्ली काढून घेतली. ज्या विणकरांना तिने वीस वर्षं सूत दिलं, त्यांच्या गल्लीत तिला कुणी कामाला ठेवेना.

पुरावा म्हणून सहा गाठोडी आम्ही सीलबंद केली होती. वजनाच्या चिठ्ठ्या सेतुरावांनी स्वतः, खुर्चीवर बसून, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्या होत्या. पुढची ऐप्पसी आली. चार दिवस धो धो पाऊस. मी दुसऱ्या कामाने त्या गोदामात गेले आणि न राहवून ती गाठोडी काट्यावर चढवली. सील शाबूत. वजन मात्र प्रत्येकाचं वाढलेलं. मी तिथेच पोत्यावर बसले. मला लाज वाटली, आणि लगेच त्यांचा संताप आला, कारण स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं होतं.

वजनं लिहून मी ऑफिसात धावले. त्यांनी कागद दोनदा वाचला. "सील मोडलें नाहीं न्हवे? मग वजन वाढेल कसें? काटा बिघडला असेल." मी दुसऱ्या काट्यावर तोलून आणलं. तोही बिघडलेला निघाला, असं त्यांचं मत पडलं. "सार, एकदा चला. तुम्ही स्वतः हात लावून पाहा. सूत दमट लागतें."

"अहवाल दिला, काम जाहलें," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

मी मालकाकडे गेले. त्याचं म्हणणं, ऑडिटर सारनी लिहिलेलं तेच मागे घेतील तर बघू. त्यांनी घेतलं नाही. लोक मला विचारतात, हिशेबनीसाला फसवणुकीचा तपास जमतो का? मी सेतुराव आठवते. आकडा कमी आहे हे त्यांना दिसे, का कमी आहे ते विचारायला उठावं लागतं. ते उठत नसत.

गेल्या पंगुनी महिन्यात ते वारले. तेराव्याला सगळे म्हणत होते, माणसाची एक बेरीज कधी चुकली नाही. खरंच चुकली नाही. अकरा किलोंची वजाबाकीसुद्धा अगदी बरोबर होती.

सौंदरमही आली होती. दाराबाहेर, चप्पल पायात ठेवून उभी. जेवायला बस म्हटलं, तर मान हलवली. "अम्मा, त्या कागदावर माझं नाव अजून आहे?"

"आहे."

"सार तर गेले. आता ते कोण काढणार?"

उत्तराची वाट न बघता ती टाउन बसकडे चालू लागली. मी दारात उभी राहिले. दोन वर्षं मी त्या म्हाताऱ्यावर चडफडत होते की तो सही मागे घेत नाही. खाली दुसरी सही होती, ती मागे घ्यायला मला कोणी धरलं होतं?

त्याच संध्याकाळी मी मालकाला पत्र लिहिलं. माझी सही मागे घेते, सौंदरमवरचा आरोप खोटा आहे, सोबत दोन्ही काट्यांची वजनं. पण पहिलं वाक्य मी तिचंच घातलं: पट्टु पावसात पाणी पितं.