मी हात केला आणि दूधवालाही पडला

आमच्या फाट्यापासून नेकनूरपर्यंतचा रस्ता नवा झाला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त खूश मी होते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लग्न झाल्यापासून त्या खड्ड्यांतून नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून रोज आदळत गेलेली. नवं डांबर पडलं आणि गाडीचा आवाजसुद्धा बदलला. उन्हात तो रस्ता नुसता चकाकायचा. शाळेत मी सगळ्यांना सांगायचे, एकदा आमच्या बाजूला येऊन बघा.

त्या रविवारी आम्ही बीडला बहिणीकडे बारशाला निघालो होतो. पहाटे अवकाळी भुरभुर येऊन गेलेली, अंगण नीट भिजलंही नव्हतं. मी एका अंगाने बसले होते, मांडीवर धपाट्यांचा डबा. नवरा गाडी इतकी सावकाश चालवतो की भाचे त्याची चेष्टा करतात. त्या दिवशीही तसाच चालला होता. फाटा ओलांडून आम्ही नव्या रस्त्याला लागलो. रस्ता सरळ, समोर कुणी नाही. बांधावरून एक शेळी खाली उतरली, तेवढ्यासाठी त्याने ब्रेक दाबला.

गाडी थांबलीच नाही. आडवी झाली आणि आडवीच पुढे जात राहिली. मला कळलं तेव्हा मी रस्त्यावर बसलेली होते, डबा घरंगळत चालला होता, आणि नवरा बराच पुढे जाऊन पडला होता.

"अगं, लागलं का तुला?" तिथूनच त्याने विचारलं. स्वतःचा उजवा खांदा त्याने डाव्या हाताने धरला होता. तो खांदा खाली उतरल्यासारखा दिसत होता.

माझं फक्त कोपर सोललं होतं. उठायला हात टेकला तर तळवा सरकला. खडी हाताला लागेचना. वर नुसता डांबराचा गुळगुळीत थर आणि त्यावर ओल. मी पुन्हा हात फिरवून पाहिला. मला खरंच वाटेना. आम्ही वेगात नव्हतो, खड्डा नव्हता, कुणी धडक दिली नव्हती. मग पडलो कशाने?

तेवढ्यात मागून एक दूधवाला येताना दिसला, गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन लावलेले. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून दोन्ही हात हलवले. "दादा, थांबा! थांबा!"

आणि तो थांबायला गेला. त्याचीही गाडी तशीच आडवी झाली. कॅनची झाकणं उडाली, काळ्या रस्त्यावर दूध पसरलं, आणि त्या दुधातून तो माणूस थेट माझ्या दिशेने घसरत आला. माझ्या पायांपासून हातभरावर थांबला. मी जागची हललेही नाही. 

"ताई, लई लागलं का तुमाला?" पडल्या पडल्या त्याने मला विचारलं. त्याचा एक पाय गुडघ्याखाली वाकडा झालेला मला दिसत होता, त्याला अजून कळलं नव्हतं.

मागे आणखी एका गाडीचा हॉर्न वाजला. माझा हात आपोआप वर गेला. नवरा जिवाच्या आकांताने ओरडला, "हात करू नको! तू हात केलास की ते ब्रेक मारतात!"

मी हात खाली घेतला. ज्यांना सावध करायचं, त्यांना थांबाही म्हणायची सोय नव्हती. त्या गाडीवर नवरा-बायको होते, मध्ये लहान मूल. आमच्याकडे बघत ते कडेने हळूच निघून गेले. ब्रेक न दाबता गेले, हे त्यांचं नशीब.

मग मी फाट्याकडे पळत सुटले. तिथे जुना खडबडीत रस्ता होता. तिथे उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला अडवू लागले.

"कावून थांबवता, मॅडम?"

"पुढे घसरतंय. ब्रेक लावू नका, हळू जा."

"घसरंल कसा? नवाच केलाय की रस्ता," एक जण हसत म्हणाला. पुढे जाऊन त्याने दूध आणि दोन आडव्या गाड्या पाहिल्या. मग तोच शेतातल्या माणसांना हाका मारून रस्त्यावर माती टाकायला लागला. एका जीपवाल्याने दोघांना बीडच्या दवाखान्यात पोचवलं. नवऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, दूधवाल्याचा पाय.

दुसऱ्या दिवशी मी दूधवाल्याला भेटायला त्याच्या खाटेपाशी गेले. त्याची बायको माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "तुमी थांबलाच कावून? सरळ निघून यायचं न्हाई का?"

"अगं, बाईमाणूस हात करतंय, माणूस पडलेला हाय. न थांबून कसं चालंल?"

तिने जरा सरकून मला खाटेच्या कडेला बसायला जागा दिली.

पुढे गावकऱ्यांनी फाट्यावर रास्ता रोको केला, तेव्हा कुठे त्या पट्ट्यावर बारीक खडी पसरून रोलर फिरला. दूधवाल्याचं प्लास्टर निघेपर्यंत त्याचा भाऊ रिक्षातून दूध घालत होता. नवऱ्याचा हात आता वर जातो, पण कपाटाच्या वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं तर तो मला हाक मारतो.