फ्लेक्सवरचा वाघ आणि उन्हाळ्यातला मफलर

रुमाल काढला असंल तर घडी घालून परत खिशात ठिवा. कॅन्सर झालेला पोरगा लिहितोय म्हणल्यावर शेवटी तो खिडकीबाहेर बघत 'आजारानं मला जगायला शिकवलं' म्हणणार, अशी तुमची तयारी झाली असणार. मला आजारानं सुई टोचताना हात ढिला सोडायला शिकवलं. बाकी नुसता राग हाय. ज्यांना उद्या ह्यातनं जायचंय त्यांच्या कामाला यावा म्हणून लिहितोय.

बारामतीच्या आमच्या डॉक्टरांची एक सवय हाय. वाईट बातमी सांगायची असली की आधी पेनाला टोपण लावतात, मग घसा खाकरतात. मी नकला करणारा माणूस. लग्नात, वाढदिवसाला माईक धरतो, लोकांचे आवाज काढतो. माझं लक्ष असल्याच गोष्टींवर. टोपण लागलं तवाच मला कळलं.

"मानेतली गाठ टीबीची नाही," ते म्हणाले. "हॉजकिन लिम्फोमा आहे."

आपल्या मानेत, काखेत, जांघेत बारक्या गाठी असतात. रोगाशी भांडायचं त्यांचं काम. त्यांचाच कॅन्सर म्हंजे हॉजकिन लिम्फोमा. मी तेवीस वर्षांचा होतो. रोज संध्याकाळी ताप यायचा, अंगाला खाज सुटायची, पँट कमरंला राहत नव्हती.

आमचे तात्या, म्हंजे वडील, लाईनमन हायत. खांबावर चढून वीज जोडणारा माणूस, पण तितं खुर्चीतनं उठंना. म्हणाले, "पण सायेब, ह्यो तंबाखू खात न्हाय ओ."

"न खाणाऱ्यालाही होतो, काका."

तात्यांनी हे वाक्य पाठ केलं. कारण आमच्या शेळगावात भेटायला येणारा प्रत्येकजण हातात केळी घेऊन यायचा आणि पयला प्रश्न इचारायचा, "काय खात होता ह्यो?" मला वाटायचं म्हणावं, तुमच्या घरची केळी.

दर पंधरा दिवसाला बारामतीला केमो. केमो म्हंजे सलाईनमधनं शिरंत जाणारं औषध. ते कॅन्सरला मारतं, जाता जाता केस, चव आणि झोप पण मारतं. वॉर्डात सुप्याच्या एक सिस्टर होत्या. मी डॉक्टरांची टोपणाची नक्कल केली की त्या तोंड फिरवून हसायच्या आणि परत वळून दम द्यायच्या, "हात हलवू नको, सुई निघंल."

शेजारच्या खुर्चीत केमो घ्यायला बावडा गावच्या एक काकू असायच्या. उलटी झाली की तोंड पुसून म्हणायच्या, "हं, पुढची नक्कल कर."

सहा महिन्यांनी पेट स्कॅन झाला. साखरंसारखं एक औषध टोचतात, कॅन्सर असंल तितं ते जमतं आणि फोटोत चमकतं. माझ्या फोटोत काय चमकलं न्हाय. डॉक्टरांनी टोपण लावलं न्हाय. म्हणाले, "सध्या आजार दिसत नाही. पण दर तीन महिन्यांनी दाखवायचं."

गावानं फकस्त पयलं वाक्य ऐकलं.

तरुण मंडळाच्या आबांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. स्टँडवर माझा फ्लेक्स: 'कॅन्सरला चितपट करणारा ढाण्या वाघ'. मागं खरोखरचा वाघ. माझ्या टकलावर फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर केस लावलेले, ते बी कुणा दुसऱ्याचे.

त्याच महिन्यात बावड्याच्या काकू गेल्या. माझ्यापेक्षा दसपट धीराची बाई. मी वाघ म्हणून वाचलो, तर त्या कोण होत्या? शेळी? ह्यो सवाल मला अजून जाळतो. मला औषध लागू पडलं, त्यांना पडलं न्हाय. एवढंच हाय ते. ह्यात शौर्य कुठं आलं?

पण तवा मी हे बोललो न्हाय. फेटा बांधून फोटो काढले.

पाच महिन्यांनी आंघोळ करताना गळ्याच्या हाडावर चिंचोक्याएवढी गाठ लागली. बादलीतलं पाणी गार झालं तरी मी तितंच. मनात पयलं काय आलं सांगू? कॅन्सर न्हाय, फ्लेक्स. स्टँडवर आपण अजून वाघ हाय, आता लोकांना काय सांगायचं?

मी मफलर गुंडाळला. ऐन एप्रिलमधी.

"मफलर का रं?" जो तो इचारायचा.

"घसा बसलाय. कार्यक्रम लय झालं."

तपासणीची तारीख आली, गेली. दहा आठवडे मी गाठ लपवली. एका सकाळी आईनं धुवायला म्हणून मफलर ओढला. तिनं गाठीला बोट लावलं. लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि मला यष्टीत घातलं.

डॉक्टरांनी टोपण लावलं. "परत आलाय. आणि आता छातीत पण आहे. वेळेवर आला असतास तर…" वाक्य त्यांनी सोडून दिलं. मी अजून त्याच वाक्यात अडकलोय.

ह्या टायमाला पुण्याला स्टेम सेल ट्रान्सप्लांट. आपल्याच रक्तातल्या बीजपेशी काढून ठेवतात, जबर केमो देऊन आतलं सगळं झाडून टाकतात, मग त्या पेशी परत सोडतात. काचंच्या खोलीत अठरा दिवस. तोंडभर फोड. थुंकी गिळायची म्हणलं तरी डोळ्यातनं पाणी. नकला बंद, आवाजच न्हवता. काचंपलीकडं आई नुसती उभी असायची. मी मनात आबांना, फ्लेक्सला आणि सगळ्यात जास्त सोताला शिव्या घालायचो.

स्कॅन साफ आला. आणि आबा परत शाल घेऊन दारात. "दोनदा मात! आता जिल्ह्यात नाव करू तुझं."

गेलो. माईक हातात आला आणि मी आबांचाच आवाज काढला: "बंधूंनो, भगिनींनो! ह्या पोराला आमी वाघ केला! वाघाला गाठ आली! पण वाघ दवाखान्यात कसा जाणार? त्यानं मफलर घेतला! जोरदार टाळ्या!"

लोक हसले. मग हसायचे थांबले. मी माझ्या आवाजात म्हणलं, "गाठ लागली तर दाखवा. दिलेली तारीख चुकवू नका. मी चुकवली, मरता मरता वाचलो. आणि माझा फ्लेक्स काढा."

घरी तात्या तापले. "आबांची पार इज्जत काढलीस. चार माणसात बोलायची ही रीत हाय व्हय?" आई भाकरी थापत होती. म्हणाली, "बोलला ते बरंच केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. सुप्याच्या सिस्टर. कुणीतरी त्यांना सत्काराचा व्हिडिओ पाठवलेला. मला वाटलं आता कौतुक.

"छान बोललास. कार्यक्रम कधी होता?"

"काल, सिस्टर. अकराला."

"काल अकराला तुझं काय होतं?"

तवा मला आठवलं, बारामतीला रक्त तपासणी होती. सत्काराच्या नादात पार इसरलो होतो.

"माईकवरून लोकांना अक्कल शिकवतोस? इथं मी तीनदा तुझं नाव पुकारलं. या वॉर्डात नाव पुकारून माणूस उठला नाही की आम्ही काय समजतो, ठाऊक आहे तुला? तुझी फाईल घेऊन चारपर्यंत बसले होते मी. आता सॉरी-बिरी नको, डॉक्टरांचा आवाज तर अजिबात काढू नकोस. चप्पल घाल आणि नऊची गाडी पकड. मला हसवायला नाही, रक्त द्यायला ये!"