मखमलीची आरामखुर्ची

परंडा ठाण्यात फौजदार असतानाची ती फिर्याद अजून माझ्या डोक्यातून जात नाही. खून नाही, दरोडा नाही. कुणीतरी एक आरामखुर्ची ब्लेडने फाडली होती.

खुर्ची तालुक्यातल्या एका निवृत्त हेडमास्तरांची, जुन्या सागवानाची. पत्नी गेल्यावर मास्तर दोन मुलांकडे महिन्याच्या पाळीने राहत. दोघांची घरं शेजारी-शेजारी; पाळी बदलली की त्यांची खुर्चीही दुसऱ्या घरात जाई. धाकट्याने आपल्या पाळीत तिच्यात नवा काथ्या भरून घेतला, स्प्रिंगा बदलल्या आणि वर लालभडक मखमल चढवली. येणारा-जाणारा म्हणू लागला, "बापाची सेवा करावी तर धाकट्यानं." ते ऐकून थोरल्याचा जळफळाट व्हायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

पाळी बदलण्याच्या आदल्या दिवशी धाकटा ठाण्यात आला. "साहेब, आमी शेतात, नाना म्हंजे आमचे वडील पारावर. तेवढ्यात दादानं घरात घुसून मखमल फाडली. त्याला बघवलंच न्हाय. गुन्हा नोंदवा."

थोरल्याची पोलीस पाटील म्हणून नेमणूक अगदी तोंडावर आली होती. गुन्हा दाखल झाला असता तर ती चारित्र्य पडताळणीतच गेली असती. म्हणून ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नुसती नोंद घ्यायला लावली, पंचनामा केला आणि थोरल्याला बोलावलं.

"लेकराबाळांची शपथ साहेब, म्या हात लावला न्हाय."

खरं सांगतो, माझा विश्वास बसला नाही. मखमलीचं नाव काढलं की गडी दात-ओठ खायचा.

नुकसानीचा अंदाज घ्यायला, खुर्चीवर मखमल ज्याने चढवली त्या कारागिराकडे हवालदार पाठवला. कारागीर त्याच्याबरोबर थेट ठाण्यातच आला. "साहेब, थोरले कशाला फाडतील? त्यांनी निळं कापड माझ्याकडं आधीच देऊन ठेवलंय. खुर्ची त्यांच्याकडं गेली की मखमल काढून ते चढवायचं ठरलंय. काल धाकटे दुकानात आले व्हते. कापड कुणाचं म्हणून इचारलं, म्या सांगितलं."

हेवा एकाच घरात आहे असं मी धरून चाललो होतो. तो दोन्ही घरांत होता.

धाकट्याला समोर बसवून चहा मागवला. आवाज चढवला नाही. "निळं कापड बघून घरी गेलात. जेवण गेलं का?" एवढंच विचारलं. कप बाजूला सारून तो एकदम फुटला. "माझी मखमल उकिरड्यावर टाकून दादा मिरवणार व्हता, साहेब. लोक त्याचं कौतुक करणार. म्हटलं, फाडायचीच तर म्याच फाडतो!"

थोरला सुटला. सुटल्याबरोबर म्हणाला, "आता खोटी खबर दिली म्हणून ह्याला आत टाका."

खुर्चीचे मालक म्हणून मास्तरांचा जबाब घेणं बाकी होतं. दोन्ही मुलांसमोर विचारलं, "मास्तर, फाटलेलं कापड कसं होतं?"

"मऊ होतं, एवढं सांगतो," मास्तर शांतपणे म्हणाले. "रंग ह्यांना विचारा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्ष होत आलं, दोघांना सांगून थकलो."

माझं डोकं फिरलं. "आधी बापाला दवाखान्यात न्या, मग भांडायला या," म्हणून दोघांना बाहेर काढलं. गुन्हा कुणावरच दाखल केला नाही.

हेव्याने पेटलेली माणसं एकमेकांच्या घरावर डोळा ठेवून असतात. ज्याच्यावरून भांडतात त्याच्याकडे त्यांचं लक्षच नसतं. त्यानंतर भावाभावांची फिर्याद आली की त्यांचं म्हणणं ऐकण्याआधी मी बापाला बोलावून घ्यायचो.