ठेवतो की ठेवते

आमच्या घरात मोठ्या आवाजात बोलण्याचा मक्ता माझ्याकडे आहे. नवरा बोलतच नाही, सासरे हळू बोलतात, आणि मुलगी इतकी कमी बोलते की ती बोलली की आधी दचकायला होतं. त्यामुळे एका रविवारी जेवताना तिने भाजी वाढून घेत सहज सांगितलं, "आई, मी कन्फर्मेशन घेणार नाहीये," तेव्हा मला आधी वाटलं, ती कॉलेजातल्या कसल्यातरी फॉर्मबद्दल बोलतेय.

आम्ही ख्रिस्ती. नाशिकरोडला माझी आणि नवऱ्याची दोघांचीही हयात एकाच चर्चच्या बाकांवर गेली. आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा आईवडिलांच्या शब्दावर होतो. मूल मोठं झालं की त्याने मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली द्यायची, बिशपसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, आणि तिथून पुढे त्याला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस घेता येतो. पुस्तकात याला दृढीकरण म्हणतात, बोलताना सगळे कन्फर्मेशनच म्हणतात. बिशपसाहेब यायला तीनच आठवडे उरले होते. सासरे चर्चच्या कमिटीत. त्यांनी नांदगावच्या झाडून सगळ्या पाहुण्यांना फोन केले होते, आणि नातीचा पांढरा ड्रेस शिवायलाही टाकला होता.

"का?" मी विचारलं. माझं ते 'का' समोरच्या बिल्डिंगपर्यंत गेलं असणार.

"तिथे उभं राहून मी विश्वास ठेवते असं म्हणायचंय ना. ठेवते की नाही, मला माहीत नाही."

"अगं, सगळेच म्हणतात!"

तोंडातून निघून गेलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी भाकरी मोडली होती ती तशीच ताटात ठेवली. "नांदगाववाल्यांला काय सांगू मी आता?" एवढंच ते म्हणाले. नवऱ्याने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. मला त्या क्षणी तिघांचाही राग आला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या दारात उभी. म्हटलं, पोरीला बोलवून घ्या, चार शब्द समजावून सांगा, तुमचं ऐकेल. पाळकसाहेब वयाने माझ्याहून लहान आहेत, मला ताई म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, समजावू नका. दोघी मिळून मार्काचं शुभवर्तमान वाचा. येशूच्या चार चरित्रांत तेच सगळ्यात लहान आहे. रोज एक अध्याय. फक्त एक करा, तिला उत्तरं देऊ नका."

उत्तरं देऊ नका! मी दहा-बारा वर्षं संडे स्कूल शिकवलेली बाई. शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, काहीही विचारा, मी झोपेतून उठून सांगेन, अशी माझी स्वतःबद्दलची समजूत. तरी मनात म्हटलं, सोळाच तर अध्याय आहेत, बिशपसाहेब येईपर्यंत आरामात होतील, आणि तोवर ही वळेल. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाणी तपासायचं काम करते. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात काही कमीजास्त निघालं की कशाचा किती डोस द्यायचा ते मला कळतं. मुलीच्या बाबतीतही मी तसंच धरून चालले होते.

थंडीचे दिवस होते. पहिल्या पाळीची बस यायच्या आधी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. ती अंगावर शाल ओढून वाचायची, मी चहाचा कप धरून ऐकायची. ऐकायची म्हणजे काय, तिच्या तोंडून वाक्य पुरं व्हायच्या आत माझे ओठ हलायचे. लहानपणी आम्हाला दर रविवारी सोनेरी वचन पाठ करून जावं लागायचं, न चुकता म्हटलं की गोळी मिळायची. त्या गोळ्यांच्या हिशेबाने माझ्या डोक्यात अर्धं शास्त्र भरलेलं. एक शब्द ती चुकली की मी लगेच दुरुस्त करायची. दोन दिवस तिने सहन केलं.

"आई, तू ऐकत नाहीस. तू तपासतेस."

मी कप ओठांना लावून धरला. फार वेळ नाही, पण धरला.

तिसऱ्या अध्यायात एक जागा आली. येशूभोवती इतकी गर्दी की जेवायला फुरसत नाही, आणि त्याच्या घरच्यांना वाटतं की याचं डोकं फिरलंय, म्हणून ते त्याला धरून घरी न्यायला निघतात. मी कप खाली ठेवला. "असं नाहीये तिथे. पुन्हा वाच."

तिने पुस्तकच माझ्यापुढे सरकवलं. होतं. स्पष्ट होतं. इतकी वर्षं हा अध्याय मी वाचत आले, शिकवत आले, आणि ही ओळ मला कधी दिसलीच नव्हती. दिसणार कशी? भिंतीवर लावायच्या कॅलेंडरवर ती कधी छापत नाहीत.

पुढे त्याची आई आणि भाऊ येतात, दाराबाहेर उभे राहून आत निरोप पाठवतात. आणि हा आत बसलेल्या लोकांकडे बघून विचारतो की माझी आई कोण, माझे भाऊ कोण. आता मात्र माझा तोल गेला. "ती बिचारी केवढ्या लांबून चालत आली असेल, आणि हा असं बोलतो? तू मला असं म्हणून बघ, मग सांगते!"

मुलगी हसली. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा खळखळून हसली. मग हसता हसता थांबून म्हणाली, "पण आई, तिला आत यायला कुणी अडवलं होतं का? ती बाहेरूनच निरोप पाठवतेय. आत येऊन बसली असती तर?"

खाली बसचा हॉर्न वाजला म्हणून मी सुटले. पण दिवसभर प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्या हाताळताना तेच डोक्यात. मीही रोज सकाळी त्या टेबलाशी बसून बाहेरूनच निरोप पाठवत होते: चल, उठ, घरी चल, पाहुणे यायचेत, ड्रेस शिवून होतोय. आत काय चाललंय ते ऐकायला मी बसलेच नव्हते. आधी मला मुलीचा राग आला, मग स्वतःचा, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडल्यावर चक्क रडू आलं. बरोबरच्या बाईला मी मिरची तिखट लागल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी ऐकू लागले. सोपं नव्हतं. पाठ असलेलं ऐकणं फार अवघड असतं, कान आधीच पुढच्या वाक्यावर जाऊन बसलेले असतात. मुलगी प्रश्न विचारायची आणि मी जीभ चावून म्हणायची, "मलाही माहीत नाही." हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना मला ताप भरल्यासारखं झालं होतं, पुढे त्याची गोडी लागली.

मग मधलाच एक रविवार आला. आमच्या उपासनेत मतांगीकार असतो, म्हणजे आपण कशावर विश्वास ठेवतो त्याची कबुली. सगळी मंडळी उभी राहून ती एका सुरात म्हणते. मी डोळे मिटून खणखणीत म्हणत होते, तेवढ्यात मुलीने मला कोपराने ढुसणी दिली.

"आई, तू ठेवतो म्हणतेस."

"काय?"

"मी विश्वास ठेवतो. ठेवतो. तू काय पुरुष आहेस का?"

मी आजूबाजूला कान दिला. माझ्या पुढच्या बाकावरच्या काकू, पलीकडची नर्सबाई, महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई, साऱ्या बायका तालात 'ठेवतो' म्हणत होत्या. पुस्तकात तसंच छापलंय. माझी आई तसंच म्हणायची, तिची आईही तसंच म्हणत असणार. घरी 'मी जातो, मी येतो' असं आमच्यातली एकही बाई बोलत नाही, बोलली तर पोरं टिंगल करतील. आणि दर रविवारी देवासमोर उभं राहून आम्ही साऱ्याजणी कुठल्यातरी पुरुषाच्या वतीने बोलत होतो, आणि कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

घरी येताना रिक्षात मी हे हसण्यावारी नेलं. पण भांडी घासताना, कुणी नाही असं बघून, नुसतं म्हणून बघितलं: मी विश्वास ठेवते. आणि आवाजच फुटेना. 'ठेवतो' म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती, कारण ते सगळ्यांचं होतं. 'ठेवते' म्हटलं की बोलणारी मी एकटी. मग लगेच पुढचा प्रश्न: बाई, खरंच ठेवतेस का? मुलीने जेवताना हेच तर सांगितलं होतं. तिला जे अठराव्या वर्षी दिसलं ते मला नळ वाहता ठेवून पन्नाशीच्या उंबऱ्यावर दिसत होतं. मी घाबरले, खोटं का सांगू.

पण गंमत अशी, की भीती वाटली तरी टेबलाशी बसायची ओढ वाढली. मी पहिल्यांदाच ते पुस्तक स्वतःसाठी ऐकत होते. एका आजारी मुलाचा बाप येशूपुढे विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच दमात कबूल करतो, ती जागा आली तेव्हा मी मुलीला पुन्हा वाचायला लावली, आणि या वेळी तपासायला नाही.

शेवटचा अध्याय बिशपसाहेब यायच्या आदल्या दिवशी आला. त्यात रविवारी पहाटे बायका येशूच्या कबरेपाशी जातात, दगड सरकलेला असतो, आत बसलेला तरुण सांगतो की तो इथे नाही, उठला आहे. आणि त्या बायका थरथरत पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. मुलगी तिथे थांबली. "खाली टीप आहे, जुन्या प्रतींमध्ये इथेच संपतं."

"इथे कसं संपेल?"

"तेच ना. कुणाला काही सांगितलं नाही, तर मग आपल्याला कसं कळलं?"

उत्तर मी द्यायचं नव्हतं. तिनेच चहाच्या कपात बघत दिलं. "म्हणजे नंतर कधीतरी बोलल्या असणार. आधी घाबरल्या, मग बोलल्या. मधे किती दिवस गेले ते लिहिलेलं नाही."

पुस्तक मिटून ती उठली आणि थेट आजोबांच्या खोलीत गेली. मी मागोमाग. मी मधे पडायची तयारी करून गेले होते, पण तिला माझी गरज लागली नाही. "आजोबा, मी उद्या उभी नाही राहणार. मला अजून वाचायचंय. सोमवारपासून आम्ही लूकचं शुभवर्तमान घेतोय. तुम्ही रागावू नका."

सासऱ्यांनी दाराकडे बघितलं. दारामागे तो पांढरा ड्रेस इस्त्री करून टांगलेला होता.

"आमच्या बापानं मला कानाला धरून उभं केलं व्हतं," ते म्हणाले. "मला काय कळत व्हतं तव्हा? त्यानं म्हन म्हनलं, मी म्हनलं. पुढं लय वाटायचं कुनाला तरी इचारावं, पन कमिटीतल्या मानसानं इचारायचं कसं?" मग नातीकडे वळून, "नांदगाववाल्यांचं मी बघतो. तू सोमवारी मला बी उठव."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्याऐवजी मी त्यांना आल्याचा चहा करून दिला.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. पुढच्या रांगेत पांढऱ्या कपड्यांतली मुलं, मागच्या बाकावर नांदगावची पाहुणेमंडळी, आणि त्यांच्या मधोमध निळ्या कुर्त्यातली माझी मुलगी. पाठीत नजरा टोचत होत्या. एरवी मी मागे वळून एकेकीला डोळ्यांनीच गप्प केलं असतं. पण मतांगीकाराला सगळे उभे राहिले, आणि मी शेजारच्या मुलीचा हात धरला.

पहिलंच वाक्य. सगळं चर्च 'ठेवतो' म्हणालं आणि मी 'ठेवते' म्हणाले. आवाज बारीक निघाला, जरासा मागे राहिला, पण निघाला. मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. तिचे ओठ मिटलेले होते. मंडळी पुढे म्हणत गेली, मीही म्हणत गेले. मग ती जागा आली, जिथे येशूने सोसलं, त्याला खिळलं, तो मेला आणि त्याला पुरलं. आणि माझ्या शेजारून तिचा आवाज आला, स्पष्ट, घाईत नसलेला. एवढं तिला पटलेलं होतं, म्हणून एवढं ती म्हणाली. पुरल्याच्या शब्दाशी येऊन ती थांबली.

पुढची ओळ तिसऱ्या दिवसाची, तो मेलेल्यांतून उठल्याची. तिचा हात माझ्या हातात होता, तो मी सोडला नाही, ओढलाही नाही. ती ओळ मी माझी मी म्हटली.