मंडपमामांची इच्छाशक्ती

मंडपमामांनी आयुष्यभर सत्कार पाहिले ते मागच्या बाजूने. मुदखेडला आमच्या शेजारीच त्यांचं मंडपाचं गोदाम होतं. व्यासपीठावरची कुठली खुर्ची डुगडुगते ते त्यांना ठाऊक असे, आणि लांबण लावणाऱ्या वक्त्याला ते नेमकी तीच देत. "पडावा म्हणून न्हाई," ते म्हणत, "उठावं वाटावं म्हणून."

मामा प्यायचे. देवळात, दर्ग्यात, सगळीकडे शपथा घेऊन झाल्यावर नांदेडच्या एका डॉक्टरांनी त्यांना रोजची एक गोळी दिली. मामी ती सकाळी चहाबरोबर देत आणि गिळेपर्यंत समोरून हलत नसत. तरी मामांनी एकदा चोरून दारू पिऊन पाहिलीच. "काय सांगू मास्तर, एवढ्या वर्षांचा दोस्ताना, आन् दारू वळखच देईना!"

गावाला गोळीचा पत्ता नव्हता. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात मामांचा सत्कार झाला, तोही त्यांनीच ठोकलेल्या मंडपात. अध्यक्ष त्यांच्या इच्छाशक्तीवर भरभरून बोलले. शाल सावरत खाली आलेले मामा मला म्हणाले, "इच्छाशक्ती मी चहासंगं घेतो, हे सांगावं का?"

"सांगा की."

"न्हाई. लोक म्हणतील, मग ह्याचं काय त्यात?"

पुढे शिडीवरून पडून त्यांची मांडी मोडली. नांदेडच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काही औषधं चालू आहेत?" खाटेशी अध्यक्ष उभे होते. मामा म्हणाले, "कायबी न्हाई."

कळ थांबवायचं इंजेक्शन दिलं. कळ जराही हलली नाही. डॉक्टर चक्रावले, डोस वाढवा म्हणाले. तेव्हा मामी खाटेवर वाकल्या. "अहो, अध्यक्ष जोडून देनार हायेत का पाय?"

मामांनी डोळे मिटले. "गोळी खातो मी, साहेब. दारू सुटायची. रोज."

"आधी नाही सांगायचं? त्या गोळीवर हे इंजेक्शन लागूच पडत नाही. वाढवत गेलो असतो तर जिवावर बेतलं असतं!"

डॉक्टरांनी जांघेत सुई देऊन पाय बधिर केला. थोड्या वेळाने मामांचा चेहरा सैल पडला. अध्यक्षांना तोवर एका उद्घाटनाची आठवण झाली होती.

ऑपरेशन होऊन मामा घरी आले. गाव थोडं हसलं. पण भेटायला आलेल्यांतला एखादा बाकीचे उठून गेल्यावरही रेंगाळायचा. "मामा, भावासाठी इचारून राहिलो..." मामा आत हाक मारत, "अगं, ह्यांच्याबी भावाला डॉक्टरचा पत्ता दे!"

आता मामा लातूरला लेकीकडे राहतात. मुदखेडात भावांची काळजी करणारे अजून आहेत, ते माझ्याकडे मामांचा नंबर मागतात. मी भावाचं नाव विचारत नाही. नंबर देतो.