कापसावर बसून शेअरची मीटिंग

मंडळी, आज दुपारी महागावात माह्या घरी आम्हा चार गुंतवणूकदारांची मीटिंग झाली. ऑनलाइन पेमेंटवाल्या कंपनीचा शेअर घेतल्या दिवसापासून घसरूनच राह्यला. विकायचा का ठेवायचा, एवढाच विषय.

बैठकीच्या खोलीत, भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस भरला आहे. सोफा त्याच्याखाली कुठंतरी असंल. मंग कापसावरच बसलो.

आमच्यातले मास्तर म्हणले, "पडत्या भावात विकू नये. कापसासारखं थांबा, भाव येते."

आम्ही माना डोलवल्या अन् कापसानं खाजणारं अंग खाजवलं.

बायको चहा घेऊन आली. म्हणे, "कापसावर निदान बसता तरी येते. त्या शेअरवर बसून दाखवा."

मीटिंग तिथंच आटोपली.

आता तुम्हीच सांगा, आधी काय विकू? जरा लवकर सांगा. उद्या सासरे येऊन राह्यले, त्यायले बसवू कशावर?