मायची गाठ

आधीच सांगून टाकते — भूतप्रेत, अंगात येणं, उतारे, दृष्ट, यातलं मी काहीही मानत नाही. आमच्याकडे तो प्रश्नच नाही. आमच्या आजोबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले जुने देव सगळे कन्हान नदीत सोडून दिले. माझी माय तर अशी, की शेजारीण दाराला लिंबू-मिरची बांधायला लागली की म्हणायची, "त्या मिरच्या भाजीत टाक वं, पोरं तरी खातीन." अशा बाईची मी मुलगी. या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते दुपारी, कामं आटोपल्यावर, हसण्यासाठी... राग मानू नका. आता माझी पाळी आली. मुलगा निखिल म्हणाला, "आई, पाठवू नको, लोकं हसतीन." म्हटलं, हसू दे. मी काय कमी हसले लोकांवर?

प्रताप नगरात माझी मेस आहे. शिकायला आलेली पोरं-पोरी जेवतात. भाजीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत मला गंडवणारा अजून जन्माला यायचा आहे, असं मी छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही.

माझी माय नागपूरजवळ कन्हान गावी राहायची. जन्मभर लोकांचे ब्लाउज-परकर शिवले. शेवटच्या वर्षी तिनं एक चीवर शिवायला घेतलं. चीवर म्हणजे भंतेजी, आमचे भिक्खू, अंगावर घेतात ते वस्त्र. पावसाळ्यात भंते एका जागी राहतात तो वर्षावास संपला की आम्ही विहारात चीवरदान करतो. आता सगळे दुकानातून तयार आणतात, पण मायनं जुन्या रीतीनं, तुकड्याला तुकडा जोडून, हातानं शिवलं. डोळे अधू झालेले. सुईत दोरा मी नाहीतर निखिल ओवून देत होतो. म्हणायची, "जिथं रस्त्यानं भंतेच भंते चालते, तशा देशात नेऊन दे वं एका चांगल्या भंतेले. माह्यानं तं होत नाही आता." शिवून पूर्ण झालं, आणि थोड्याच दिवसांत माय गेली.

चीवर तिनं स्वतःच्या पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवलं होतं, आणि वर मायची गाठ होती. ही गाठ नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. दोन वेढे, आणि शेंडा उलटा फिरवून आत दडपलेला. वरून ओढली तर आणखी आवळते. खालून अंगठ्यानं दाबली की सुटते. लहानपणी माझ्या डब्याच्या फडक्याला हीच गाठ असायची आणि वर्गातल्या पोरी दातांनी ओढून थकायच्या. सोडता मला यायची, बांधता कधीच आली नाही. "शिकून घे वं," माय म्हणायची. "काहाले? तू हायेस नं," मी म्हणायची.

तर मी बँकॉकला निघाले. मैत्रीण वंदना सोबत येणार होती, पण ऐन वेळी बाथरूममध्ये घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये. आमचे हे तर असे, की धरमपेठेत जायचं म्हटलं तरी यांच्या कपाळावर आठ्या. म्हटलं, मेस तुम्ही सांभाळा, मी एकटी जाते. बावन्न वर्षांची बाई पहिल्यांदा परदेशात, आणि तीही एकटी... निखिलनं फोनमध्ये काय काय टाकून दिलं. म्हणाला, "आई, तिथं टूरिस्टला लय फसवते, कोणावर विश्वास ठेवू नको." मी म्हटलं, "बेटा, मी बर्डीच्या बाजारात मोठी झाली."

तिथल्या विमानतळावर तपासणाऱ्या मुलीनं बोचकं उघडायला लावलं. गाठ मीच सोडली. तिनं चीवर बघितलं, हात जोडले, आणि जायला सांगितलं. परत बांधताना मला येते तशी बांधली — साधी, बुटाच्या नाडीसारखी, वर दोन कान काढलेली. तेव्हा लक्षात आलं की मायच्या हातची शेवटची गाठ मी एका स्टीलच्या टेबलावर सोडून टाकली. मला तिथंच रडू फुटलं. त्या मुलीला वाटलं मी घाबरले. तिनं मला प्यायला पाणी दिलं.

पहिला दिवस मी गाजवला. एकानं माझ्या हातात कबुतरांचे दाणे कोंबले आणि पैसे मागायला लागला. मी दाणे त्याच्याच खिशात ओतले. एक टुकटुकवाला, म्हणजे तिथला ऑटोवाला, जवळजवळ फुकटात शहर दाखवतो म्हणाला. मी सरळ वऱ्हाडीत सांगितलं, "फुकट तं माहा भाऊबी नाही नेत गा." त्याला काही कळलं नाही, पण तो गेला. संध्याकाळी वंदनाला फोन करून मी अशा काही फुशारक्या मारल्या की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरी साडी नेसून, बोचकं छातीशी धरून नदीकाठच्या एका मोठ्या विहाराकडे निघाले. फाटकाच्या थोडं अलीकडे एक माणूस भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. इंग्रजी-हिंदी मिसळून म्हणाला, आज विहार बंद आहे, आत विशेष पूजा आहे, दुपारनंतर उघडेल. मी म्हटलं, ठीक आहे, थांबते. मग त्यानं विचारलं, कुठून आलात? मी म्हटलं, नागपूर.

त्याचा चेहरा फुलला. दोन्ही हात जोडून तो म्हणाला, "जय भीम!"

आता काय सांगू तुम्हाला! ऐन परक्या मुलखात, जिथं कुत्रंही ओळखीचं नाही, तिथं एक माणूस जय भीम म्हणतो... माझे डोळे भरून आले. बर्डी वाहून गेली, निखिल वाहून गेला. आपला माणूस भेटला, बस्स! नागपूरची बाई दुसऱ्या कशाला नसती फसली, या एका शब्दाला फसली. तो म्हणाला, नागपूरचे खूप लोक येतात, जवळच एक वयोवृद्ध भंते आहेत, त्यांच्याच हाती चीवर द्या. त्यानंच एक टुकटुक बोलावली आणि मी लगेच त्याच्यासोबत बसले.

एका गल्लीत छोटंसं आवार होतं, बुद्धमूर्ती होती, समोर चीवर घातलेले एक गृहस्थ बसलेले. मी पंचांग प्रणाम केला. त्यांनी माझा हात धरून मनगटाला पांढरा धागा बांधला. आपल्याकडे विहारात परित्राणाचा धागा भंतेजी बांधतातच, बाया-माणसं सगळ्यांना. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मग त्यांनी बोचक्याकडे हात केला. तो माणूस म्हणाला, यावर मोठी पूजा होईल, तोवर तुम्ही शुभ रत्नांचं दुकान बघून या, सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस, क्विक, मॅडम, क्विक. आणि मी... मी मायचं चीवर त्या बसलेल्या गृहस्थांच्या हातात दिलं. मला प्रार्थनाही म्हणू दिली नाही त्यांनी, एवढी घाई.

टुकटुक सुटली. मी सारखी मागे वळून बघत होते, पण स्वतःलाच समजावून राहिली होती मी — जय भीम म्हणाला नं तो, मग? सिग्नलला गाडी थांबली. तिथं कमळाच्या कळ्या विकणारी एक म्हातारी होती. ठेंगणी, सावळी, डोक्यावर गवताची टोपी. तिनं टोपली खाली ठेवली, टुकटुकमध्ये हात घातला आणि माझं मनगट धरलं. त्यावरचा धागा एका झटक्यात तोडला. आणि म्हणाली,

"काहाची घाई हाये वं?"

मी हे मुद्दाम जसंच्या तसं लिहिते आहे. मायचं हे रोजचं वाक्य. दुकानदार घाई करायला लागला, सोयरीक जुळवणारा घाई करायला लागला, की माय हेच म्हणायची आणि उठून चालायला लागायची. मी उतरले. ड्रायव्हर ओरडत होता. म्हातारीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टोपली उचलली आणि चालायला लागली. मी तिच्या मागे.

ती मला त्याच गल्लीत घेऊन आली. कोपऱ्यावरच्या टपरीवर 'भंतेजी' बसले होते. अंगात टीशर्ट, तोंडात सिगारेट, मोबाईलवर काहीतरी बघत हसत होते. ते मघाचं चीवर बाजूच्या पिशवीत कोंबलेलं. आणि दुसऱ्या खुर्चीवर माझ्या मायचं बोचकं. मी पुढे धावणार, तोच म्हातारी शांतपणे गेली, आपल्याच घरातलं भांडं उचलावं तसं बोचकं उचललं आणि आणून माझ्या हातात दिलं. त्या माणसानं मान वर केली नाही. तिला बघितलं नाही की बघूनही बघितलं नाही, मला सांगता येत नाही. मी मात्र सारखी तिच्या हातांकडेच बघत होते. खुर्चीवरून उचललं आणि मला दिलं, मध्ये काहीच केलं नाही.

मग तिनं मला त्या मोठ्या विहाराच्या फाटकापर्यंत पोचवलं. फाटक सताड उघडं होतं. लोक आत-बाहेर करत होते. सकाळपासून उघडंच असणार. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं खांद्याला धरून उठवलं, टोपलीतली एक कळी माझ्या हातात दिली आणि निघाली. हवेत विरली-बिरली नाही हो! चपला फरफटत, फुटपाथवरून, गर्दीतून गेली. पुढच्या दिवशी मी त्या सिग्नलला बराच वेळ उभी राहिले. कमळं विकणाऱ्या बाया होत्या, ती नव्हती.

आत गेले. खरे भंते बसले होते, पिकल्या भुवयांचे. मी बोचकं पुढे केलं तर त्यांनी हात आखडले आणि समोर एक कापड पसरलं. मला वाटलं, माझं काही चुकलं. तिथं मदतीला एक म्हातारे गृहस्थ होते, ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "आमच्याकडे भिक्खू बाईच्या हाताला हात लावत नाहीत. बाईच्या हातून थेट घेत नाहीत. कापडावर ठेवा." आणि मला मनगटावरचा तो धागा आठवला! ही एक गोष्ट माहीत असती तर मी त्या भामट्याला जागच्या जागी ओळखलं असतं. पण नागपूरची बाई काहून ओळखीन?

ते गृहस्थ म्हणाले, सोडून दाखवा. मी बोचकं मांडीवर घेतलं आणि माझा कान-काढलेला फास शोधायला लागले. कान नव्हतेच. ओढलं, तर आवळलं. पुन्हा ओढलं, आणखी आवळलं. मग मी नीट बघितलं... दोन वेढे, शेंडा आत दडपलेला.

खालून अंगठा दाबला. सुटली.

मी तिथं जी रडले, बाप्पा! मायच्या वेळीही एवढी रडले नव्हते. भंतेजी डोळे मिटून थांबले. कोणी घाई केली नाही. मी त्रिशरण-पंचशील म्हटलं, मायचं नाव घेतलं आणि चीवर कापडावर ठेवलं. त्यांनी कापड ओढून घेतलं, चीवर उलगडलं आणि तुकड्या-तुकड्यांच्या जोडांवरून बोट फिरवत राहिले. मग त्या गृहस्थांना काहीतरी म्हणाले. गृहस्थांनी मला सांगितलं, "म्हणतात, शिवणाऱ्या बाईला दिसत कमी होतं, पण एकही टाका सुटलेला नाही."

मायचं काम झालं. ते झालं नसतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. लुगड्याचा तुकडा त्यांनी मला परत दिला. तो माझ्या कपाटात आहे.

निखिल म्हणतो, आई, त्या चोरानं उघडून बघितलं असेल आणि पुन्हा बांधलं असेल. म्हटलं, चोर बांधून ठेवतो काय? अन् तेही आजीच्या हातानं? वंदना म्हणते, तूच विमानतळावर रडता रडता नकळत तशी बांधली असशील. असेल बाई. पण मग आता बांधून दाखवता येत का नाही? तो तुकडा घेऊन मी किती दुपारी बसले. बोटं शेंड्यापाशी येऊन थांबतात. म्हातारी त्या टोळीला ओळखत असेल, तिला माझी दया आली असेल, हे सगळं मला पटतं. तिचं बोलणं माझ्या मनाचे खेळ असतील, तेही चला, कबूल. गाठीला मात्र माझ्याजवळ उत्तर नाही. आणि खरं सांगू? मला ते शोधायचंही नाही. मला वाटलं होतं शेवटची गाठ गेली. मायनं अजून एक दिली, एवढं मला पुरे आहे.

एक राहिलंच. परवा मेसचं सामान घेऊन येत होते. दीक्षाभूमीच्या रस्त्यावर एका ऑटोत एक परदेशी पोरगी बसलेली, पाठीवर मोठी बॅग, चेहरा रडवेला. ऑटोवाला तिला सांगून राहिला होता, "मॅडम, आज बंद है, दुसरी जगह ले चलता हूं, जल्दी बोलो." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काहून गा, दीक्षाभूमी बंद केव्हापासून झाली?" आणि आत हात घालून मी त्या पोरीचं मनगट धरलं. "काहाची घाई हाये वं? उतर."

ती उतरली. एक शब्द न विचारता माझ्यामागून फाटकापर्यंत आली. तिथं थांबून तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि इंग्रजीत म्हणाली की ती व्हिएतनामची आहे, एकटीच फिरते आहे. मग विचारलं, "तुम्ही आमची भाषा कुठं शिकलात?"

तिला म्हटलं, दर्शन करून ये, मी इथंच उभी आहे, मग मेसवर चल आणि पोटभर जेव.